भाकरीसाठी जाळ हवा : एका बर्नरच्या शेगडीचा शोध

इंडक्शनवर ज्वारीची भाकरी होत नाही असं नाही. होते. पण तिला भाकरी म्हणायचं की जाड पापड, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. तव्यावर दोन्ही अंगांनी शेकून झाली की भाकरी शेवटी थेट जाळावर जाते, तेव्हा कुठे पापुद्रा सुटतो आणि ती टम्म फुगते. इंडक्शनला जाळच नाही. शिवाय माझा तवा सासूबाईंकडून आलेला, लोखंडी आणि खोलगट. तो वर ठेवला की इंडक्शन पीं-पीं करून बंद पडतं.

लेकीच्या शिक्षणासाठी आम्ही दोघी पुण्यात कोथरूडला भाड्याने राहतो. जेमतेम दोन वर्षांचा मुक्काम. हे आणि सासूबाई अहिल्यानगरलाच. तिथलं गॅस कनेक्शन पुण्याला बदलून आणावं तर तिथली चूल बंद पडणार, आणि एका कुटुंबाला घरगुती कनेक्शन एकच मिळतं. सोसायटीत पाइपचा गॅस आलाय, पण आमच्या मालकांनी ओट्याला भोक पाडायला साफ नकार दिला. तेव्हा उचलून इकडून तिकडे ठेवता येईल अशी एखादी गॅसची शेगडी बघायची, असं ठरलं. दुकानात जायचं, बरीशी बघायची आणि घेऊन यायची, इतकं सोपं असेल असं वाटलं होतं.

पहिली वस्तू दिसली ती जवळच्याच भांड्यांच्या दुकानात. तीन-चार किलोची लाल टाकी आणि तिच्याच डोक्यावर पेच फिरवून बसवलेला बर्नर. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत, अंडाभुर्जीच्या गाड्यांवर सगळीकडे दिसते ती. स्वस्त आणि आटोपशीर.

"यात गॅस कुठे भरायचा, दादा?"

"ताई, तुम्ही आणून द्या, मी माणसाकडून भरून देतो. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात हे खरंच आहे. तो 'माणूस' म्हणजे मोठ्या घरगुती सिलेंडरमधून नळी लावून छोट्या टाकीत गॅस उतरवणारा कुणीतरी. हे बेकायदा तर आहेच, पण मला कायद्यापेक्षा दुसरीच भीती जास्त वाटली. टाकी किती भरायची याला मर्यादा असते, कारण उन्हाळ्यात आतला द्रव गॅस फुगतो आणि त्याला वर मोकळी जागा लागते. कंपनीच्या प्लान्टमध्ये ते वजन करून भरतात. इथे अंदाजपंचे. त्यात या प्रकाराला रेग्युलेटरच नाही. एरवी सिलेंडरमधला जोरकस दाब रेग्युलेटर ३० मिलिबारपर्यंत खाली आणतो आणि मग तो गॅस शेगडीकडे जातो. इथे मधे फक्त एक पेचाची चावी, आणि ज्योत टाकीच्या वीतभर वर. त्यावर माझा जड तवा, त्यावर भाकरी दाबणारा माझा हात. टाकी कलंडली तर काय, एवढं डोळ्यांपुढे आणलं आणि दुकानातून बाहेर पडले.

मग लेकीने मोबाईलवर कॅसेट स्टोव्ह दाखवला. "आई, हा बघ, सुटकेसमध्ये मिळतो!" चपटी, देखणी शेगडी. एका बाजूच्या कप्प्यात स्प्रेच्या डब्यासारखा ब्युटेन गॅसचा डबा आडवा सरकवायचा, खटका दाबायचा, बटण फिरवलं की पेटते. लायटरसुद्धा लागत नाही. ही मूळची जपानी कल्पना. इवातानी कंपनीने १९६९ साली ती बाजारात आणली आणि तिकडे थंडीत जेवणाच्या टेबलावरच हंडी रटरटत ठेवायला घरोघरी वापरतात. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. १९९५च्या कोबेच्या भूकंपात लोकांकडे शेगड्या होत्या, डबेही होते, पण एका कंपनीचा डबा दुसरीच्या शेगडीत बसेना. त्यानंतर तिथे डब्याचा आकार प्रमाणित करून टाकला. म्हणजे शेगडी कितीही चांगली असली तरी तिला लागणारा गॅस आपल्या हाताशी नसेल तर ती शोभेचीच. हे वाचल्यावर माझा सगळा शोध उलटा झाला. आधी गॅस कुठून येणार ते बघायचं, शेगडी नंतर.

कॅसेट स्टोव्हचा हिशोब मग कागदावरच मांडला. डब्यात साधारण सव्वादोनशे ग्रॅम गॅस. सव्वादोन किलोवॉटचा बर्नर पूर्ण आचेवर ठेवला तर तो तासाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास खातो. म्हणजे डबा सव्वा ते दीड तासाचा गडी. आमच्या दोघींच्या भाकऱ्या, भाजी आणि आमटी धरली की फार तर दोन दिवस. किलोमागे भाव काढला तर घरगुती सिलेंडरच्या दहापटीच्या पुढे गेला. डबे आमच्या गल्लीत मिळत नाहीत, मागवावे लागतात, आणि रिकामे डबे साठत जातात ते वेगळंच.

तरी लेकीचा जीव त्यात अडकला होता, म्हणून तिच्या मैत्रिणीकडचा एक बघून आलो. ऑनलाइन घेतलेला. विकणाऱ्याच्या फोटोत मस्त स्वयंपाकघर, ओट्यावर कढई. आणि खोक्यातल्या पत्रकात बारीक अक्षरात छापलेलं की फक्त उघड्यावर वापरा. माझी खरी अडचण मात्र तव्याची होती. माझा तवा बर्नरच्या बाहेर चांगला चार बोटं पसरतो, म्हणजे तो थेट डब्याच्या कप्प्यावर येणार. लोखंडी तवा अर्धा तास तापला की त्याच्या कडेची धग खाली डब्यावर उतरत राहते. डबा तापला की आतला दाब वाढतो. चांगल्या शेगडीत दाब वाढला की डबा आपोआप मागे सुटतो आणि गॅस बंद होतो, पण मुळात डब्यावर झाकण पडेल एवढं मोठं भांडं ठेवूच नका, अशी सक्त सूचना असते. चहा, मॅगी, सहलीला आम्लेट, यासाठी उत्तम वस्तू आहे. रोज भाकऱ्या करणाऱ्या बाईची नाही.

उरला पाच किलोचा सिलेंडर. हा पर्याय मला ठाऊकच नव्हता, तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितला. "अगं, तो छोटू घे ना. माझ्या भाच्याने नोकरीला आल्या आल्या घेतला होता." इंडेनच्या पाच किलोच्या सिलेंडरला 'छोटू' हे नाव २०२० साली दिलं गेलं. याला कनेक्शन लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर, कुठे कुठे किराणा दुकानातही. भाव घरगुती सिलेंडरपेक्षा चढा, कारण हा बाजारभावाने मिळतो. पण भरलेला असतो कंपनीच्या प्लान्टमध्ये, वर सील असतं, आणि संपला की रिकामा देऊन भरलेला आणायचा. 'माणसाकडून' भरून घ्यायची गरज नाही. भरलेल्याचं वजन दहा-बारा किलो होतं, लिफ्ट नसती तर मी वैतागले असते. पण चौदा किलोचा सिलेंडर नुसता हलवायचा म्हटला तरी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एजन्सीत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने गोडाऊनमधून एक आणून समोर ठेवला. मी वरच्या कड्याच्या पट्ट्या वाचायला लागले तर तो म्हणाला, "काय बघताय, मॅडम?" एका पट्टीवर रिकाम्या सिलेंडरचं वजन असतं, ते काट्यावरच्या वजनातून वजा केलं की आत गॅस किती ते कळतं. दुसऱ्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्यापुढचे. त्या तिमाहीपर्यंत सिलेंडरची पुढची तपासणी व्हायला हवी. माझ्यापुढे ठेवलेल्याची तारीख उलटून गेली होती. मुलगा आढेवेढे न घेता आत गेला आणि दुसरा घेऊन आला. त्याने सील काढून तोंडातली काळी रबरी वॉशर दाखवली, ती अख्खी आहे ना ते बघायचं. रेग्युलेटर आणि आयएसआयची नारिंगी नळी तिथूनच घेतली. कोणत्या सिलेंडरला कोणता रेग्युलेटर बसतो यावर बाजारात वाद घालायची माझी ताकद नव्हती.

आता शेगडी. तवा कापडी पिशवीत घालून मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. लेक सोबत यायला लाजली. दुकानदार मात्र खूश. "ताई, गिऱ्हाईक भांडं घेऊन आलं तर आमचं काम अर्धं होतं. नाहीतर लोक काच बघून घेतात."

काचेच्या शेगड्या त्याने आधीच बाजूला सारल्या. मोठ्या तव्याची धग खाली काचेवर येते, आणि टफन्ड असली तरी तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडून तडा जायची धास्ती कशाला? भाकरीला पाण्याचा हात तर लागतोच. मग स्टीलच्या एका बर्नरवाल्या काढल्या. त्यावर तवा ठेवून बघितला तेव्हा फरक कळला. पहिलीच्या जाळीला तीनच पाय, काठवटीतून भाकरी उचलून टाकली की तवा डुगडुगणार. दुसरीची जाळी चांगली चार पायांची, पण बर्नर वाटीच्या बुडाएवढा. असल्या बर्नरने तव्याचा मध्य लाल होतो आणि कड थंड राहते. भाकरी मधे करपते, कडेला कच्ची. तिसरीचा बर्नर पितळी, हातात जड लागणारा, ज्योतीची भोकं बाहेरच्या कडेला तिरकी पाडलेली, म्हणजे जाळ पसरतो. तीच घेतली. वर आयएसआयचा शिक्का, आयएस ४२४६ हा गॅसच्या शेगड्यांच्या मानकाचा आकडा आणि खाली परवान्याचा क्रमांक होता. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकला की खरा आहे का ते तिथल्या तिथे कळतं. या मानकात शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी अशी अट आहे, म्हणजे निदान दोन तृतीयांश उष्णता भांड्याला मिळते. दुकानदाराने "असली बिनशिक्क्याचीपण देतो, शंभर-दोनशे कमी पडतील" असंही सांगून बघितलं. मी पिशवीतून तवा काढून पुन्हा पिशवीत ठेवायला लागले, तसा तो विषय संपला.

घरी आल्यावर जोडणी. सिलेंडर जमिनीवर उभा, शेगडी ओट्यावर, म्हणजे शेगडी नेहमी सिलेंडरपेक्षा वर. नळीला कुठे वळ पडू द्यायचा नाही, ती शेगडीखालून न्यायची नाही. साबणाचा फेस करून रेग्युलेटरच्या आणि नळीच्या सांध्यावर ब्रशने लावला. बुडबुडा आला नाही. हे काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना दंडवत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलेंडर कपाटात कोंडायचा नाही. ओट्याखालच्या कप्प्याचं दार मी मालकांना विचारून काढूनच ठेवलं. १९०६ हा गळतीच्या तक्रारीचा नंबर फ्रिजवर चिकटवला. मालक स्वतः येऊन सगळं बघून गेले, नाक उडवलं, पण परवानगी दिली. काकूंनी त्यांना आधीच पटवून ठेवलं होतं असं मागाहून कळलं.

पहिल्या दिवशी ज्योतीची टोकं पिवळी येत होती आणि तव्याच्या बुडाला काजळी धरली. खाली नळीसारख्या भागावर हवेची चकती असते, ती जराशी फिरवल्यावर ज्योत निळी आणि शांत झाली. त्या ज्योतीवर केलेली पहिली भाकरी लेकीने परातीतूनच उचलून खाल्ली. पीठ थोडं जुनं होतं, कड चिरली होती, पण फुगली होती. वाफ निघताना तिला बोट भाजलं, त्याचं खापर अर्थात माझ्यावर.

चहा आणि दूध अजून इंडक्शनवरच, त्यामुळे सिलेंडर पुरतो. रोज साधारण तासभर वापर धरला तर महिना-सव्वा महिना. किती उरलाय ते बघायला ओलं फडकं सिलेंडरवरून फिरवते. आत द्रव गॅस असतो तिथवरचा भाग उशिरा वाळतो, वरचा रिकामा भाग लगेच कोरडा पडतो. ओल बरीच खाली उतरली की एजन्सीला फोन करून छोटू शिल्लक आहे का ते विचारायचं. फोन न करता गेलं तर कधी कधी हात हलवत परत यावं लागतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अहिल्यानगरला जाताना लेक म्हणाली, शेगडी नेऊ या, अंगणात मांडे करू. मांडे करणार कोण, हा प्रश्न तिला पडला नाही. शेगडी नेली, सिलेंडर इथेच ठेवला. रेल्वेत तर गॅसचा सिलेंडर नेणं गुन्हाच आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि एसटीच्या कंडक्टरशी त्यावरून हुज्जत घालण्यात मला रस नव्हता. तिकडच्या घरात मोठा सिलेंडर आहेच, त्याच्या रेग्युलेटरला नळी जोडली आणि अंगणात शेगडी लागली. मांड्यांऐवजी सासूबाईंनी थालीपीठं लावली.