तंबोऱ्याच्या गावचा माणूस हे कसं काय ऐकतो?

सुट्टीत मिरजेला गेलो की हा प्रश्न ठरलेला असतो. कधी मामा विचारतात, कधी शाळेतले मित्र. परवा एका तरुण मुलीनं निरोप पाठवून विचारलं: "तुमचं लहानपण सतारमेकर गल्लीत गेलं. मग आफ्रिकेतल्या पारंपरिक गाण्यांना कॉम्प्युटरचे ठोके जोडून जे नाचायचं संगीत करतात, ते तुम्हाला कसं चालतं? ही परंपरेची मोडतोड नाही का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. मी युगांडात जिंजाजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, त्याला आता अकरा वर्षं झाली. संगीत शिकलेलो नाही. पण ऐकायला मिरजेत शिकलो, आणि उत्तरही तिथूनच सुरू होतं.

शाळेतून येताना मी एका दुकानाच्या पायरीवर बसायचो. आत तंबोऱ्याची जवारी काढणं चाललेलं असायचं. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवर कानशीचा एक हलका हात, मग तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक हात. तारेखालचा सुताचा धागा केसभर मागे, केसभर पुढे. बराच वेळ तार नुसती टणटण बोलते आणि मग एकदम गुंजायला लागते. तिच्यातून वरचे सूर बाहेर पडतात, सगळी खोली भरते. साधा, कोरा स्वर गल्लीत कुणालाच नको असायचा. तार घोडीला घासली पाहिजे, झणझणली पाहिजे, तेव्हाच तिला आवाज आला म्हणायचं.

हे डोक्यात ठेवून आता किन्शासाला चला. काँगो आणि अंगोलाच्या सीमेवरच्या बाझोंबो लोकांचं एक वाद्य आहे, लिकेम्बे. लाकडी पेटीवर लोखंडाच्या पट्ट्या बसवलेल्या, त्या अंगठ्यांनी दाबून सोडायच्या. या कुळातली वाद्यं आफ्रिकेत ठिकठिकाणी आहेत. झिम्बाब्वेची म्बिरा ही त्यांतली सगळ्यांत नावाजलेली. या वाद्यांवर बहुतेक ठिकाणी मुद्दाम काहीतरी खुळखुळतं बसवतात: बाटल्यांची बुचं, गोगलगायीचे शंख, नाहीतर पट्टीभोवती तारेचं वेटोळं. स्वराबरोबर झणझण यावी म्हणून. म्हणजे जवारीच. साहित्य वेगळं, पण कानाला हवं तेच.

मिंगिएदी मावांगू हा ट्रकचालक किन्शासाला राहायला आला. शहरातल्या गोंगाटात लिकेम्बे कुणाला ऐकू जाईना. मग त्यानं जुन्या गाड्यांच्या भागांमधली लोहचुंबकं काढून पिकअप, म्हणजे पट्ट्यांचा कंप टिपून विजेत बदलणारी साधनं, तयार केले, वाद्य ॲम्प्लिफायरला जोडलं आणि आवाज मोठ्या कर्ण्यांतून सोडला. १९६६ साली उभ्या राहिलेल्या त्याच्या मंडळीचं नाव कोनोनो नंबर वन. त्या घरगुती यंत्रणेतून आवाज फाटून, खरखरून बाहेर आला. दुसऱ्या कुणी हा दोष म्हणून दुरुस्त केला असता. बाझोंबोंच्या कानाला मात्र ती खरखर ओळखीची होती, वाद्यावर ती आधीपासून हवीच असायची. त्यांनी ती ठेवली. २००४ साली त्यांचा पहिला अल्बम युरोपात निघाला तेव्हा टेक्नो, म्हणजे यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत, ऐकणारी पोरं चकित झाली, कारण ज्या आवाजासाठी ती यंत्रं विकत घेत होती तो इथे भंगारातून निघत होता. पुढे २०१६ मध्ये अंगोलात जन्मलेल्या आणि लिस्बनला वाढलेल्या 'बातिदा' या संगीतकारानं त्यांच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक ठोके घालून एक अख्खा अल्बम केला. मावांगू २०१५ मध्ये गेले.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, रात्रपाळीला. माझ्या डोळ्यांसमोर सतारमेकर गल्ली उभी राहिली. एवढं लांबचं संगीत आणि मला ते परकं वाटेचना.

पण ही झाली विजेवर चाललेल्या जुन्या वाद्याची गोष्ट. तुमचा रोख कॉम्प्युटरच्या ठोक्यांवर आहे, तर आता उत्तर युगांडातल्या गुलूला जाऊ.

आमच्याकडे ऊस तोडायला पुष्कळ माणसं उत्तरेकडून येतात. आपल्याकडे बीडकडून टोळ्या निघतात तशीच, कुटुंब मागे ठेवून. त्यांच्यातल्या एकानं मला भावाच्या लग्नाला नेलं, गुलूच्या पुढे एका खेड्यात. हे लोक अचोली. लग्नाळू मुलामुलींचा त्यांचा नाच म्हणजे लाराकाराका. त्यात भोपळ्याच्या अर्ध्या कवट्या सायकलच्या स्पोकांनी वाजवतात, आणि पुष्कळ कवट्या एकदम वाजल्या की टिनाच्या पत्र्यावर वळीव कोसळल्यासारखं वाटतं. मी तेच पाहायला गेलो होतो. तिथे मात्र मांडवात एक जनरेटर, दोन स्पीकर, एक लॅपटॉप आणि एकच गाणारा.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मीही हिरमुसलो. तुमचाच प्रश्न मनात आला.

मग त्या ऊसतोडीवाल्यानं मला सगळं उलगडून सांगितलं. १९८७ पासून जवळजवळ वीस वर्षं त्या भागात युद्ध होतं. २००५च्या सुमारास उत्तर युगांडात अठरा लाखांच्या आसपास माणसं छावण्यांत राहत होती. गुरं गेली, शेतं गेली. चाळीसपन्नास जणांचा ताफा लग्नाला बोलवायचा तर त्यांना खायला काय घालायचं? आणि ताफा उरला तरी कुठे होता? पण लग्नं काही थांबली नव्हती, आणि लाराकाराकाशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नव्हतं. नेमक्या त्याच वर्षांत लिओ पालायेंग यानं कॉम्प्युटरवर कवट्यांचे, ढोलांचे आणि तारवाद्यांचे नमुने बसवायला सुरुवात केली, आणि ओटिम अल्फा त्यांवर लग्नाची जुनी गाणी गाऊ लागला. एक माणूस आणि एक यंत्र मिळून ताफ्याचं काम करू लागलं. २००४ ते २०१५ या काळातली त्यांची ध्वनिमुद्रणं २०१७ मध्ये कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्सनं प्रसिद्ध केली आणि जगाला ती ठाऊक झाली. त्या संस्थेचे संस्थापक मूळचे युगांडाचे नाहीत, हेही इथेच सांगतो. पण त्यांनी हे संगीत घडवलं नाही. ते गुलूच्या मांडवांत आधीच घडून गेलेलं होतं.

त्या रात्री जे पाहिलं ते मी विसरणार नाही. लॅपटॉपचा ठोका सुरू झाल्यावर मागे बसलेली एक म्हातारी उठली. तिनं स्वतःची कवटी आणली होती, कमरेच्या फडक्यात स्पोकांची जुडी होती. तिनं जुडी उचलली आणि ती ठोक्यात अशी शिरली की यंत्राला खालचा आवाज तिनंच दिला असावा. पाठोपाठ आणखी चारपाच जणी उठल्या. त्यांना यंत्राचा अडसर वाटला नाही, कारण त्यांचीच लय त्यात घातलेली होती.

इथे लयीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण बहुतेकांचा आक्षेप त्या 'धप धप धप धप'वर असतो. आफ्रिकेतल्या पुष्कळ पारंपरिक संगीतात बारा स्पंदांचं आवर्तन असतं. ते तीन-तीनच्या चार गटांत मोजता येतं, दोन-दोनच्या सहा गटांतही. वादक दोन्ही एकाच वेळी वाजवतात. आपल्याला दादरा आणि केहरवा एकत्र ऐकल्यासारखं होतं आणि आपण चुकतो. मग सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, धरायची कशावर? मी त्या लग्नात नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहत बसलो. पाय दर तिसऱ्या स्पंदाला पडत होते, आवर्तनाला चार वेळा. डान्स म्युझिकचा तो बदडणारा किक ड्रम बारा स्पंदांवर ठेवा, तो बरोबर तिथेच पडतो. म्हणजे यंत्रानं परका ठोका आणून घातलाच नाही. जमिनीवर पायांनी जे वाजत होतं ते स्पीकरमधून वाजलं, एवढंच.

नीट न केलं तर बिघडतंच, हेही खरं. सॉफ्टवेअर उघडलं की समोर चौकटी येतात, चाराच्या हिशेबानं आखलेल्या. प्रत्येक ठोका ओढून रेषेवर बसवायची सोय एका बटणावर असते. ते दाबलं की तीनाची झोकांडी चारात कोंबली जाते आणि नाच लंगडतो. सुरांचंही तसंच. म्बिरा पियानोच्या सुरांत लावलेली नसते, दर घराण्याची सूर लावायची रीत वेगळी. ती ओढूनताणून पियानोशी जुळवली की उरतं ते खेळणं. अशा ध्वनिमुद्रिका मी ऐकल्या आहेत आणि अर्ध्यावर बंद केल्या आहेत.

आता मला खरी मोडतोड कुठे दिसते ते सांगतो. १९९२ साली डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीनं आफ्रिकेतल्या पिग्मींच्या गाण्यांचे तुकडे नाचाच्या ठोक्यांवर बसवून अल्बम काढला. त्यातलं एक अंगाईगीत जगभर गाजलं. लाखो लोकांना ते आफ्रिकेच्या जंगलातलं वाटलं. तो आवाज आफ्रिकेतला नव्हताच. तो पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरच्या आफुनाक्वा नावाच्या बाईंचा होता. ह्यूगो झेम्प या संशोधकानं १९७० मध्ये तो टिपला होता, आणि या वापराविरुद्ध त्यानं पुढे जाहीर तक्रार केली. मूळ आवाज तसाच ठेवला होता, स्वच्छ, सुरेल. तरी मला त्या गाण्याचा त्रास होतो. आई नसलेल्या भावंडाची समजूत काढणारे शब्द आहेत ते, आणि ते कुणाचे, कुठल्या भाषेतले, हे ऐकणाऱ्याला कळण्याची काही सोयच ठेवलेली नव्हती. ओटिम अल्फाच्या लग्नगीतांत वाद्यं सगळी बदलली, पण गाणारा आणि नाचणारे एकमेकांना ओळखतात. माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन गोष्टींच्या मधे आहे.

मामांचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: मग मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीही चालतात का? नाही चालत. पण ते दुखणं आवाजाच्या पातळीचं आहे, ते वेगळं बोलू.

एका बाबतीत मात्र तुमची काळजी मलाही वाटते. मी राहतो तो भाग बुसोगा. इथे बिग्वाला नावाचं राजदरबारी संगीत होतं, लांबट भोपळ्यांच्या तुताऱ्यांचं. एका तुतारीतून एकच सूर निघतो. त्यामुळे पाचसहा जण लागतात, प्रत्येकानं आपला सूर नेमक्या जागी टाकायचा, मग चाल तयार होते. एकट्याला ती वाजवताच येत नाही. १९६७ मध्ये युगांडातल्या राजेशाह्या रद्द झाल्या, आश्रय गेला आणि बिग्वाला मुकं झालं. युनेस्कोनं २०१२ मध्ये तातडीनं जपायच्या यादीत घातलं तेव्हा जाणते उस्ताद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पुन्हा सुरू करायचं तर त्या जातीच्या भोपळ्याचं बीसुद्धा शोधून लावावं लागलं. हे कॉम्प्युटरनं मारलं नव्हतं, राजकारणानं मारलं. पण कॉम्प्युटर ते जगवूही शकत नाही. पाचही सूर टिपून एक पोरगा कीबोर्डवर अख्खी चाल वाजवेल, आणि ऐकायला ती बरोबरही वाटेल. शेजारच्याचा सूर येईपर्यंत आपला श्वास धरून थांबण्याची जी सवय त्या पाच माणसांत होती, ती त्या कीबोर्डवर येत नाही. ही हानी आहे आणि मला ती लपवायची नाही. गुलूतही कवटी वाजवणाऱ्या त्या बायका साठीच्या पुढच्या होत्या, हे मी पाहिलं आहे.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट राहिली. टांझानियातल्या दार-एस-सलामच्या गरीब वस्त्यांत सिंगेली नावाचं संगीत आहे, मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, कधी तीनशेकडे जाणारे. त्याची सुरुवात ताराब गाण्यांचे तुकडे तोडून, वेग वाढवून, पुन्हापुन्हा फिरवण्यातून झाली. आणि ताराब म्हणजे झांझिबारचं संगीत, ज्यात अरबी वाद्यांबरोबर आपल्या हिंदी सिनेमांच्या चालीही विरघळल्या आहेत. त्या ताराबची थोर गायिका सिती बिंती साद १९२८ साली बोटीनं मुंबईला आली आणि एचएमव्हीसाठी स्वाहिलीत गायली. त्या तबकड्या परत जाऊन झांझिबारच्या घराघरांत वाजल्या. त्या काळीही यंत्रातून येणाऱ्या आवाजाला कुणीतरी नाकं मुरडली असतीलच.

ऐकायचं असेल तर कोनोनोपासून सुरू करा, मग ओटिम अल्फा, सिंगेली शेवटी. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे ठोके त्यात येतच नाहीत आणि उरते ती किरकिर. कुणाकडे बऱ्यापैकी स्पीकर असेल तिथे जा. बसून ऐकू नका. बारा मोजायच्या भानगडीतही पडू नका, उभं राहून पाय हलू द्या, सम पायालाच सापडते. दिवाळीत मी महिनाभर मिरजेत आहे. गल्लीत या, स्पीकर मी आणतो, आणि ज्या दुकानाच्या पायरीवर बसून जवारी ऐकली तिथल्या काकांनाही बोलावतो. लिकेम्बेची ती खरखर त्यांना ऐकवायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.