इंजिन ठणठणीत, चेसी गेलेली

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात, म्हणजे मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या राज्यांत, वीस-पंचवीस वर्षं जुना पिकअप भंगारात निघतो तेव्हा बरेचदा त्याचं इंजिन चालू असतं. किल्ली फिरवली की सुरू होतं, गिअर पडतात, हीटर गरम हवा देतो. तरी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, कारण खालची चेसी, म्हणजे सगळी गाडी तोलणारी लोखंडी चौकट, सडलेली असते. आपल्याकडे गाडी म्हातारी झाली म्हणजे इंजिनाचं काम निघालं, असंच आपण धरून चालतो. इकडे गाडीचं आयुष्य ठरवतं ते मीठ.

या जुन्या पिकअपवर लोकांचा एवढा जीव का, तेही सांगायला हवं. बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर अमेरिकेत 1964 पासून 25 टक्के आयातकर आहे. त्यामुळे जगभर चालणारे छोटे पिकअप इथल्या बाजारात फारसे आलेच नाहीत. फोर्ड रेंजर हा इथला लाडका छोटा पिकअप. तो बनवणारा मिनेसोटातल्या सेंट पॉलचा कारखाना डिसेंबर 2011 मध्ये बंद झाला. 2019 मध्ये रेंजर परत आला तो बराच मोठा होऊन. जुना छोटा रेंजर किंवा जुना टोयोटा गेला की तशीच, वेगळ्या चेसीवर बांधलेली छोटी नवी गाडी मिळत नाही. म्हणून लोक शेवटच्या बोल्टपर्यंत झुंजतात.

आता मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर खडे मीठ टाकतात आणि हिमवादळाच्या आधी मिठाचं पाणी फवारतात. या पाण्यात वजनाने 23.3 टक्के मीठ ठेवतात, कारण या प्रमाणाला त्याचा गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे 21 अंश सेल्सिअसवर जातो. साधं खडे मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसं काम करत नाही. मग त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. चेसीचे खरे वैरी हे दोन क्षार, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतात. रस्ता कोरडा ठाक दिसतो, पण चेसीवरचा थर ओलाच असतो. गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली की जपली, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात गोठलेल्या चिखलाखाली गंज अगदी सावकाश चालतो. ऊब मिळाली की तोच खारट चिखल वितळतो आणि गंजाला वेग येतो. खालून न धुता रोज उबदार गॅरेजमध्ये लावलेली गाडी बाहेर थंडीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर सडू शकते.

गंज बाहेरून दिसतो त्याहून आत जास्त असतो. चेसीचे लांब दांडे बऱ्याच गाड्यांत चौकोनी पोकळ असतात. त्यांना भोकं असतात, त्यातून खारं पाणी आणि बारीक चिखल आत जातो आणि सखल जागी साचतो. मागच्या आसावर चेसी वर वळते, त्या वळणाच्या अलीकडची जागा पहिली जाते. त्यानंतर पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, आधार: पाट्याचं पुढचं टोक जिथे चेसीला बांधलेलं असतं तो हँगर आणि मागच्या टोकाचा शॅकल, म्हणजे हलता दुवा. मग स्टेपनीच्या वरचा आडवा दांडा, आणि इंधनाच्या टाकीमागची बाजू, जिथे हात पोचत नाही आणि पाण्याचा पाइपही पोचत नाही. दोन पत्रे एकावर एक ठेवून वेल्ड केलेले असतील तर त्यांच्या फटीत गंज फुगतो आणि पत्र्यांना पाचर मारल्यासारखा उचकटतो.

तपासायला एक हातोडी आणि टॉर्च पुरते. गाडी पक्क्या स्टँडवर उचला, नुसत्या जॅकवर कधीही नको. पुढून मागे प्रत्येक वीतभर अंतरावर दांड्याच्या खालच्या आणि आतल्या बाजूला हातोडी मारत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं आणि हातोडी उसळते. सडलेल्या जागी आवाज बसका येतो, हातोडी उसळत नाही आणि पापुद्रे गळतात. तिथे जाड स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. आत शिरला तर ती जागा संपली. शॅकलच्या आसपास तर हातोडी हमखास मारा. तो तुटला की मागचा एक कोपरा खाली बसतो आणि पाट्याचं टोक मागच्या, सामान ठेवायच्या हौद्याच्या तळाला जाऊन भिडतं. विकायला काढलेल्या जुन्या पिकअपला खालून ताजा काळा रंग फासलेला दिसला तर सावध व्हा. त्या रंगाखाली काय आहे ते हातोडीशिवाय कळत नाही.

दारांखालचा पत्रा, केबिनचे मागचे कोपरे, हौद्याच्या चाकांवरच्या कमानी हे सगळं लवकर गंजतं, दिसायला वाईट दिसतं, पण त्याने गाडी मरत नाही. तयार पत्रे मिळतात, कापून वेल्ड करता येतात. चेसीची गोष्ट वेगळी. दांड्याला ठिगळ लावायचं तर जुना पत्रा चांगल्या लोखंडापर्यंत कापावा लागतो आणि ठिगळाची टोकं तिरकी ठेवावी लागतात. सरळ उभा वेल्ड मारला तर सगळा ताण एका रेषेत येतो आणि चेसी नेमकी वेल्डच्या कडेला चिरते. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत दरवर्षी सुरक्षा तपासणी असते आणि सडलेल्या चेसीची गाडी तिथे नापास होते. मिशिगनमध्ये अशी नियमित तपासणी नाही, म्हणून तिथे कमानी गायब झालेले पिकअप महामार्गावर सर्रास दिसतात.

चेसीच्या गंजाची सर्वांत गाजलेली गोष्ट टोयोटा टाकोमा या पिकअपची. 1995 ते 2000 च्या गाड्यांच्या चेसीवरचं गंजरोधक काम पुरेसं नव्हतं. 2008 मध्ये टोयोटाने त्यांच्या चेसीची हमी 15 वर्षांपर्यंत वाढवली, आणि चेसी फार गेलेली असेल तर बाजारभावाच्या दीडपट पैसे देऊन गाड्या परत घेतल्या. पुढे 2005 ते 2010 च्या टाकोमा, 2007-08 च्या टुंड्रा आणि 2005 ते 2008 च्या सेक्वोया यांच्याबद्दल खटला झाला. 2016 मध्ये तडजोड ठरली, तिची किंमत 340 कोटी डॉलरपर्यंत धरली होती. चेसीला 10 मिलिमीटर किंवा मोठं भोक सापडलं की ती बदलून द्यायची, हा निकष. एका चेसीच्या बदलीचा खर्च सुमारे 15,000 डॉलर धरला होता. एवढ्या पैशात बऱ्यापैकी जुना पिकअप येतो. म्हणजे कंपनी खर्च उचलत असेल तरच चेसी बदलणं परवडतं. स्वतःच्या खिशातून करणारा माणूस गाडीवर खरोखर जीव असलेलाच असतो.

चेसीखालोखाल घात करते ती ब्रेकची नळी. जनरल मोटर्सच्या 1999 ते 2003 च्या पिकअपना पोलादी नळ्या आहेत. त्या डाव्या दांड्यालगत मागे जातात आणि क्लिपांच्या खाली, जिथे चिखल अडकतो, तिथे सडतात. नळी गळू लागल्याचं आधी कळेलच असं नाही. ती फुटते जोरात ब्रेक दाबल्यावर, कारण दाब तेव्हाच सर्वांत जास्त असतो. सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेने याची चौकशी केली आणि 2015 मध्ये गाड्या परत न बोलावता ती बंद केली. मालकांना सल्ला दिला की खालून धुवा, नळ्या तपासा, गंजल्या असतील तर बदला.

बदलताना फुटलेला तुकडा तेवढा बदलू नका. आज एक जागा फुटली तर महिन्याभरात शेजारची फुटेल. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी घ्या. ती गंजत नाही आणि हाताने वळते. बहुतेक ठिकाणी 3/16 इंचाची लागते, काही जोडांना 1/4 इंचाची. 25 फुटांचं वेटोळं मिळतं. टोक काटकोनात कापा, कापल्याने आत उठलेली धार काढा, मग नट आधी नळीत घाला आणि त्यानंतर डबल फ्लेअर करा, म्हणजे टोक फुलवून आत दुहेरी दुमडा. सिंगल फ्लेअर ब्रेकच्या दाबाला टिकत नाही, आणि दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोड ब्रेकला कधीच वापरायचे नाहीत. नवी नळी बसवल्यावर ब्रेकमधली हवा काढायचे स्क्रू हमखास तुटतात, म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हवा काढायचा क्रम मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. पेडल तरी मऊ लागलं तर हवा एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, ठोकळ्यात अडकलेली असू शकते. ती बहुधा स्कॅनरने त्याचे व्हॉल्व्ह चालवूनच निघते.

गंजावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे, म्हणूनच सडलेली गाडी बघून जीव हळहळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मीठ पडायच्या आधी, गाडी खालून धुऊन दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या आणि लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचं, न वाळणारं तेल फवारा. एका पिकअपला साधारण चार लिटर पुरतं. बाहेरून फवारणं हे अर्धंच काम झालं. चारही बाजूंना फवारा सोडणारी लांब नळी चेसीच्या भोकांतून आत घालून मागे ओढत आणा. दुसऱ्या भोकातून तेल ठिबकलं की आतलं अंग भिजलं असं समजा. ब्रेकच्या डिस्क आणि सायलेन्सर झाकून घ्या. हे दरवर्षी करावं लागतं. रबरासारखा जाड काळा थर मात्र जुन्या गाडीला लावू नका. तो कडेला सुटतो, पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या थराखाली चेसी सडते.

ज्या पिकअपना इंजिनाने दगा दिला त्यांची कारणंही ठरलेली आहेत. टोयोटाचं 22आरई, 2.4 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, टिकाऊपणासाठी नावाजलेलं. त्याच्या टायमिंग चेनला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणाऱ्या साखळीला, जागेवर ठेवणारे मार्गदर्शक प्लॅस्टिकचे आहेत. ते तुटले की सैल चेन पुढच्या झाकणाला घासत राहते आणि शेवटी ते कापून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेपर्यंत पोचते. ऑइलमध्ये पाणी मिसळतं, ते दुधाळ होतं आणि बेअरिंग जातात. थंड इंजिन सुरू करताना पुढून काही क्षण खडखड ऐकू आली की व्हॉल्व्हचं झाकण काढून ड्रायव्हरच्या बाजूने टॉर्चने खाली बघा. पोलादी पाठीचे मार्गदर्शक, चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर वेळेत बदलले तर हेच इंजिन पुन्हा वर्षानुवर्षं चालतं.

डॉज पिकअपच्या कमिन्स 5.9 लिटर डिझेल इंजिनात, विशेषतः 12 व्हॉल्व्हच्या, एक पोलादी पिन टायमिंग गिअरच्या डब्याची जागा धरायला बसवलेली असते. बोटाच्या पेराएवढी ती पिन कंपनांनी सुटून टायमिंग गिअरमध्ये पडली तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. उपाय साधा: पुढचं झाकण काढायचं आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी अशी बसवायची की पिनचं भोक अर्धं झाकलं जाईल.

फोर्डच्या 5.4 लिटर ट्रायटन इंजिनाचे दोन अवतार. दोन व्हॉल्व्हच्या जुन्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, स्पार्क प्लगला मोजकेच आटे, त्यामुळे प्लग कॉइलसकट बाहेर उडतो. तीन व्हॉल्व्हच्या इंजिनात उलटं होतं: प्लगचं खालचं टोक कार्बनने चिकटतं आणि काढताना आतच तुटतं. इंजिन थंड असताना प्लग पाव फेरीहून जास्त सोडू नका, खाचेत कार्ब्युरेटर क्लीनर ओता, निदान 15 मिनिटं थांबा, मग मागेपुढे करत काढा. घाई केली की एका प्लगपायी हेड काढायची वेळ येते, आणि जुन्या गाडीला तो खर्च कुणी करत नाही.

काही पिकअप उभ्या उभ्या जळाले. क्रूझ कंट्रोलच्या एका स्विचमध्ये ब्रेक ऑइल झिरपून आग लागायची, गाडी बंद असतानाही. फोर्डने त्यासाठी सप्टेंबर 2005 मध्ये एकाच वेळी सुमारे 38 लाख गाड्या परत बोलावल्या.

आणि हजारो चांगले पिकअप सरकारी योजनेत मारले गेले. 2009 च्या उन्हाळ्यात जुनी, जास्त पेट्रोल खाणारी गाडी देऊन नवी घेतली तर 3,500 किंवा 4,500 डॉलर सूट मिळायची. सुमारे 6 लाख 77 हजार गाड्या त्यात गेल्या. अट अशी की इंजिन पुन्हा चालता कामा नये. डीलर ऑइल काढून त्याजागी दोन क्वार्ट, म्हणजे जवळपास दोन लिटर, सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे: 40 टक्के सिलिकेट, 60 टक्के पाणी. मग इंजिन 2,000 आरपीएमच्या आसपास चालवायचं. उष्णतेने पाणी उडतं, काचेसारखा घट्ट पदार्थ बेअरिंगमध्ये बसतो आणि इंजिन काही मिनिटांत जाम होतं. यात दक्षिणेकडच्या, गंज न लागलेल्या गाड्याही गेल्या, हे फार वाईट झालं. त्यांच्या चेसी उत्तरेत सोन्याच्या भावाने गेल्या असत्या.

बाकीच्यांचा निकाल कागदावर लागतो. किरकोळ धडक बसते, दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांपुढे जातो आणि विमा कंपनी गाडी ‘टोटल’, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची, ठरवते. अनेक राज्यांत ही रेषा 75 टक्क्यांच्या आसपास आहे, टेक्सासमध्ये 100. जुन्या गाडीची किंमतच कमी, त्यामुळे एक फेंडर, दिवा आणि रेडिएटरही पुरतो. गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर विमा कंपनीला आधीच सांगा. भंगारमूल्य वजा करून उरलेले पैसे मिळतात, पण मालकीच्या कागदावर सॅल्व्हेजचा, म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीचा, शिक्का बसतो आणि रस्त्यावर आणण्याआधी बहुतेक राज्यांत वेगळी तपासणी लागते.

शेवटी भंगाराचं यार्ड. तिथे आधी पेट्रोल, ऑइल, कूलंट आणि एसीचा गॅस काढतात, बॅटरी काढतात. जुन्या गाड्यांच्या बॉनेटखालच्या दिव्यात पाऱ्याचा स्विच असतो, तोही वेगळा करायचा असतो. मग गाडी काही काळ रांगेत उभी राहते आणि लोक आपापली हत्यारं घेऊन येतात. टेलगेट म्हणजे हौद्याची मागची झडप, दारं, गिअरबॉक्स, मागचा आस हे आधी जातं. उरलेला सांगाडा दाबून श्रेडरला, म्हणजे गाड्यांचे तुकडे करणाऱ्या यंत्राला, पाठवतात. चुंबक लोखंड वेचतं, ॲल्युमिनियम आणि तांबं वेगळं होतं, सीटचा फोम आणि प्लॅस्टिक बहुतांशी कचऱ्यात. गाडी यार्डला देण्याआधी नंबरप्लेट काढून घ्या, मालकीचा कागद सही करून हस्तांतरित करा, आणि गाडी गेल्याची नोंद राज्याच्या वाहन खात्याकडे झाल्याशिवाय विमा बंद करू नका.