नेत्सुके नोंदवही: सातवा नग आणि आजीची चंची

माझ्या नेत्सुकेंच्या, म्हणजे छोट्या जपानी कोरीव अडसरांच्या, संग्रहातला सातवा नग घरी आला. जपानमधल्या हिदा-ताकायामाकडचा, इचिईच्या (जपानी यू वृक्षाच्या) लाकडात कोरलेला बेडूक, उंची जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. नवा आहे, जुना नाही, आणि मला तसाच हवा होता. कोरीवकाम करणारे मात्सुदा सुकेनागा (१८००–१८७१) यांनी घालून दिलेली तिथली रीत अशी की लाकडावर रंग चढवायचा नाही, छिन्नीचे घाव दिसू द्यायचे. इचिई वर्षागणिक गडद होत जातं. ते गडद होणं माझ्या हातात व्हावं, एवढ्यासाठी हा घेतला.

मागच्या रविवारी मनात बरेच दिवस असलेला प्रयोग केला. किमोनोला खिसे नसतात, म्हणून तंबाखूची पिशवी किंवा इनरो (छोटी डबी) दोरीने ओबीला, म्हणजे कमरपट्ट्याला, लटकवायचे आणि दोरीच्या वरच्या टोकाला अडसर म्हणून नेत्सुके, हे आपण सगळेच जाणतो. पण मी ते कधी कमरेला लावून पाहिलं नव्हतं. आजीच्या पानाच्या चंचीला दोरी बांधली, बेडकाच्या पोटाखालच्या हिमोतोशीतून, म्हणजे दोरीसाठीच्या भोकांतून, ओवली. दोन भोकांतलं एक मोठं का असतं ते तेव्हा दिसलं: गाठ त्यात अलगद दडते. कमरेला सुती उपरणं घट्ट गुंडाळलं, दोरी त्याच्या आतून वर काढली आणि तासभर घरात फिरलो, दोनदा जिना चढलो. चंची जागची हलली नाही.

मग बेडूक काढून माझा तिसरा नग लावला, शेपटी वर उचललेला उंदीर. पाच मिनिटांत शेपटीने उपरण्याचा धागा ओढला! जुन्या काताबोरी (सगळ्या बाजूंनी कोरलेल्या) उंदरांची शेपटी अंगाभोवती वळलेली असते, पाय पोटाशी घेतलेले असतात. इतकी वर्षं मी त्याला केवळ सौंदर्यदृष्टी समजत होतो. आता कुठलाही नग हातात आला की आधी बोट फिरवून बघतो, कुठे टोचतं का.

एक नग परत पाठवला. बॉक्सवूड म्हणून घेतला होता, पण हिमोतोशीच्या आत साच्याची शिवण लागली. राळेचं ओतकाम. त्यामुळे पुन्हा सांगतो, चेहऱ्याच्या फोटोवर भाळू नका, तळाचा फोटो मागा. वर्षानुवर्षं कापडावर घासून आलेला गुळगुळीतपणा, ज्याला जपानी संग्राहक ‘नारे’ म्हणतात, तो तळाशी आणि पाठीवर नेमका जिथे हवा तिथेच असतो. कारागिराच्या सहीचा मला मोह नाही. ओसाकात १७८१ साली निघालेल्या ‘सोकेन किशो’ या पुस्तकात तोमोतादा या कारागिराच्या बैलांची वाखाणणी आहे, आणि त्या बैलांच्या नकला तेव्हापासूनच होत आल्या आहेत.

हस्तिदंत मी घेत नाही, जुना असला तरी. हत्तीसाठी, आणि कायद्यासाठीही.

आता ओजिमे, म्हणजे दोरीवर सरकणारा मणी, हवा. आजीच्या तुटलेल्या माळेतलं पोवळं लावून पाहिलं, कारण जुन्या ओजिमेंत पोवळं फार आवडीचं. रंग इचिईवर असा खुलला की बघत राहिलो. पण भोक इतकं बारीक की दुहेरी दोरी जात नाही, आणि ते मोठं करायला माझा हात धजावत नाही. कुणाकडे रुंद भोकाचा जुना मणी असेल तर कळवा, मापासकट.