सेफ्टीचा टेक

मारामारीच्या त्या शॉटचा पाचवा टेक ओके होता. मॉनिटरवर बघता बघताच मी वहीत बरोबरची खूण केली होती. सहावा घ्यावा लागला, कारण ठोसा होऊन गेल्यावर मागच्या दारातून चहावाला फ्रेममध्ये आला. तोही ठीकच झाला. मग दिग्दर्शक म्हणाला, "मास्तर, एक सेफ्टीला घेऊ." म्हणजे हाताशी असावा म्हणून एक जादा. त्या सेफ्टीच्या टेकमध्ये हीरोचा ओठ फाटला.

याला आता चार महिने होतील. ओठ भरून आला, दोन टाक्यांची बारीक रेघ राहिली आहे. माझ्या डोक्यातून तो टेक जात नाही तो रक्तामुळं नव्हे. तो ठोसा खरा लागला, आणि पडद्यावर मात्र लागलेला दिसतच नाही.

मी फाइट बसवतो. सोलापुरात या कामावर घर चालत नाही, क्लासवर चालतं; पण वर्षाला चार-पाच शॉर्ट फिल्म आणि एखादं नाटक होतं. ही फिल्म २२ मिनिटांची, त्यात मारामारी दीड मिनिट. त्या दीड मिनिटात ४१ हालचाली, २३ शॉट. तालीम १९ दिवस, शूटिंग दोन दिवस. बाहेरच्यांना वाटतं की दोन दणकट पोरं समोरासमोर सोडायची आणि कॅमेरा चालू करायचा. एक गोष्ट तर सांगूनही कुणाला पटत नाही: पूर्ण वेगानं आम्ही कधीच मारत नाही. तालमीत पाव वेग, मग अर्धा, शेवटी पाऊण, आणि कॅमेऱ्यासमोरही पाऊणच. उरलेला पाव वेग मार खाताना अंग झोकणारा, एडिटिंग करणारा आणि आवाज देणारा मिळून भरून काढतात.

जागा म्हणजे पूर्व भागातली बंद पडलेली यंत्रमागाची शेड. वर पत्रा, एप्रिलचा महिना, बाहेरच पारा बेचाळीसच्या पुढं. मागांच्या दोन ओळींमध्ये १२ बाय ९ फुटांची मोकळी जागा मिळाली. खाली शहाबादी फरशी, आणि ती वर्षानुवर्षं तेल प्यालेली. आदल्या दिवशी धुण्याच्या सोड्यानं दोनदा घासली, भुसा टाकून झाडली. तरी ऊन तापलं की मागाखालून तेल परत वर येतं, हे तिथल्या जुन्या कामगारानं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही मान हलवली आणि विसरलो.

कॅमेरामनबद्दल थोडं बोललं पाहिजे. शेडमध्ये ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, असं ठेवलं तर ती लुकलुक दिसत नाही. या पोराला ६० फ्रेम आणि शटर १/१२० हवं होतं, कारण त्याला प्रत्येक ठोसा स्लो मोशनमध्ये हवा. पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले तेव्हा कुठं ऐकलं. मारामारी बसलेली नसली की पोरं एकतर स्लो मोशन मागतात नाहीतर कॅमेरा हलवतात. त्यानं काय लपतं ते बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी लपवलंय एवढं कळतंच.

खलनायक झालेला मुलगा ११ वर्षं कराटे करतो. हीरो जिममधला. दोघांत कराटेवालाच सोपा जाईल असं वाटलं होतं. उलट झालं. त्याचा सरळ ठोसा निघून परत कमरेला येईपर्यंत कॅमेऱ्यात जेमतेम पाच फ्रेम जातात. पहिल्या फ्रेममध्ये खांदा हलतो, मधल्या दोन-तीनमध्ये नुसता धूसर पट्टा, पाचवीत हात जागेवर. बघणाऱ्याला कळतच नाही काय झालं. शिवाय त्याचा ठोसा लागला की झटक्यात मागं येतो, आणि पडद्याला पार निघून जाणारा हात लागतो. म्हणून त्याला सरळ ठोसा सोडायला लावून बाहेरून येणारा हूक दिला आणि त्याचे तीन भाग पाडले. आधी कोपर मागं नेऊन क्षणभर थांबायचं, म्हणजे बघणाऱ्याला 'आता बसणार' हे कळतं. मग मोठी कमान. आणि शेवटी मूठ चेहऱ्यासमोरून निघून पलीकडच्या खांद्याच्याही दोन फूट पुढं गेली पाहिजे. मनातला ठोसा समोरच्याला कळू द्यायचा नाही, हे त्याच्या सरांनी ११ वर्षं त्याच्यात मुरवलेलं. ते मी १९ दिवसांत काढत होतो. बिचारा घरी आरशासमोर करून बघायचा आणि त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

अंतराचा हिशोब असा. मूठ नाकापासून आठ ते दहा इंच लांबून जाते. नवीन जोडी असली तर मी फूटभर ठेवतो. कॅमेरा मारणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागं, डोळ्यांच्या उंचीवर. लेन्स, मूठ आणि गाल एका रेषेत आले की मधली फट दिसत नाही. कॅमेरा फूटभर बाजूला सरकला की मूठ आणि गाल यांच्यात पाठीमागची भिंत दिसते आणि सगळं संपतं. ८५ मिलिमीटरची लेन्स लावली तर अंतर आपोआप दबतं, २४ची रुंद लावली तर आठ इंच दीड फुटासारखे दिसतात. बाजूनं घेतलेल्या शॉटमध्ये सरळ ठोसा कधीच खपत नाही.

हे सगळं झालं मारणाऱ्याचं. मार खाणाऱ्याचं काम याहून अवघड, आणि त्याची टाळी मारणाऱ्याला मिळते. मूठ नाकासमोर येते त्याच फ्रेमला हनुवटी फिरली पाहिजे. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन फ्रेम आधी हलला तर तो वाट बघत होता हे दिसतं. तीन फ्रेम उशीर झाला तर प्रेक्षक हसतात. आधी हनुवटी, मग मान, मग खांदा, मग कंबर, शेवटी पाय. नवीन पोरं सगळं अंग एकदम फळीसारखं फिरवतात. आणि खूण नेहमी मार खाणारा देतो, मारणारा नाही. आमच्या हीरोची खूण म्हणजे डाव्या हाताची बोटं एकदा उघडून मिटणं. बोटं मिटली की मगच कोपर मागं जायचं.

मला वाटतं जुन्या हाँगकाँगच्या मारामाऱ्या आजही बघवतात त्या यामुळंच. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाओ हे तिघं लहानपणी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं-कसरतींच्या चिनी संगीत नाटकाच्या, एकाच शाळेत घडले. तिथं मारामारी ताशा-झांजांच्या ठेक्यावर शिकवत, म्हणजे मुळातच ते नृत्य. पुढं जॅकी चॅननं स्वतःची स्टंट टीम ठेवली. मार खाणारे तेच ते असले की कोण किती फ्रेम उशिरा पडतो हे पाठ असतं. इंडोनेशियाच्या २०११च्या 'द रेड'मध्ये मारामारी बसवणारे इको उवैस आणि यायान रुहियान हेच पडद्यावरही एकमेकांना भिडतात. शेवटच्या झटापटीत कोण मारतोय यापेक्षा कोण कसा खातोय हे बघा. आमच्या क्लासची पोरं हा सिनेमा मोबाइलवर पन्नास वेळा बघतात आणि पन्नासही वेळा मारणाऱ्याचाच हात बघतात.

तर सातवा टेक. पाच वाजत आले होते, वरच्या झरोक्यातून येणारा उजेड उतरत होता. माझा नियम आहे, एका हालचालीचे पाच टेक झाले की मार खाणाऱ्याला दहा मिनिटं बसवायचं, पाणी द्यायचं, जागेच्या खुणा परत तपासायच्या. उजेड जाईल म्हणून मी गप्प बसलो. दिग्दर्शकानं मागितलं हे खरं, पण नाही म्हणायचा अधिकार सेटवर एकट्या माझा होता.

हीरोचा मागचा पाय पिवळ्या टेपवर असायला हवा. सहा टेकच्या घामानं टेपची कड उचलली होती, आणि शेजारच्या मागाखालून तेलाचा बशीएवढा डाग फरशीवर आला होता. त्यानं बोटं मिटली, कराटेवाल्याचं कोपर मागं गेलं, आणि तोल सावरताना हीरोचा पाय सर्रकन पुढं आला. अंतरातले सगळे आठ इंच त्यातच गेले. मुठीची दोन हाडं वरच्या ओठावर.

आवाज फारच लहान झाला. ओल्या मातीवर चप्पल पडावी तसा. पहिले दोन सेकंद कुणाला कळलंच नाही. कराटेवाल्याला मात्र कळलं, तो जागीच बसला. मी हीरोचे दात हलतायत का बघितले, जबडा उघडून मिटून घेतला, दाबून धरायला स्वच्छ फडकं आणि बर्फ दिला. मग नाव, वार, सकाळी काय खाल्लं, दोन्ही डोळ्यांनी बोट नीट दिसतंय का. शुद्ध हरपली नव्हती, उलटी नव्हती. दवाखान्यात दोन टाके पडले. दिवसाचं शूटिंग तिथंच संपलं. मालिश करणाऱ्या पोरापासून निर्मात्याच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी "हळद लावा" हा सल्ला दिला.

रात्री दिग्दर्शकाचा फोन. आवाजात अपराधीपणा होता, पण त्याखाली हुरूपही होता. "मास्तर, वाईट झालं ओ. पण खरा लागलाय ना, तोच टेक ठेवू. असलं कुठं मिळतंय?"

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढं सरकवत बघितलं. पहिल्यांदा वाटलं चुकीची फाइल उघडली. कोपर मागं, कमान, मूठ चेहऱ्यापर्यंत, आणि थांबली. बस. गालावर टपली मारल्यासारखं. पाचव्या टेकमध्ये मूठ निघून पलीकडं जाते आणि डोकं तिच्यामागं ओढलं जातं. इथं मूठ ओठावर अडली, आणि चूक कळताच कराटेवाल्यानं हात मागं खेचला. ११ वर्षांची सवय ऐन वेळी उपयोगी पडली, नाहीतर दात गेले असते. हीरोचं डोकं इंच-दीड इंच हललं असेल. खरं लागलेला माणूस झोकून देत नाही, आखडतो. डोळे मिटतात, मान खांद्यात जाते. सगळं अंग लहान होतं.

दिग्दर्शकानं पाच वेळा चालवून बघितलं. शेजारी पाचवा टेक लावला, ज्यात मूठ आणि नाक यांच्यात वीत मावेल एवढी जागा होती. तो बघून त्याचा स्वतःचाच हात जबड्याकडं गेला. "हे खोटं आहे?" म्हणाला. मी वही दाखवली.

शेवटी ठोसा पाचव्या टेकचाच घेतला. तिथून क्लोजअपला जाताना मार बसतो त्या दोन-तीन फ्रेम परत दाखवल्या. हाँगकाँगवाल्यांची ही जुनी युक्ती. शॉट बदलला की डोळ्याला जागा शोधायला तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात मार निसटतो. आवाज तीन थरांचा: हवेसाठी फिरवलेली बांबूची छडी, मारासाठी चार घड्या घालून भिजवलेला टेरी टॉवेल फरशीवर आपटून, आणि हाडासाठी कडक भाकरी मोडून. सोलापुरात टॉवेल आणि कडक भाकरी दोन्हींना तोटा नाही. भाकरी माइकपासून चार इंचांवर मोडायची. फार जवळ नेली तर बिस्किटासारखी वाजते.

इथवर माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मी खूश होतो. पण एडिटिंग करणाऱ्या मुलीनं सातवा टेक पुढं चालू ठेवला. मूठ मागं गेल्यानंतरचे दोन सेकंद कुणी बघितलेच नव्हते. हीरो ओरडत नाही, कळवळत नाही. जमिनीकडं बघतो, काहीतरी पडलंय का शोधल्यासारखा. जीभ ओठाच्या आतून एकेक दात चाचपत जाते, ते गालावरून दिसतं. मग समोरच्याकडं बघतो, आणि त्या बघण्यात राग नाही, नुसतं नवल आहे. हे मी कुणाकडून करून घेतलं नसतं, कारण मला सुचलंच नसतं. पाचव्या टेकच्या ठोशाला तिनं हा चेहरा जोडला. ५० फ्रेम.

फिल्म दाखवली तेव्हा हॉल त्या जागी गप्प झाला. मागून कुणीतरी बाई "अगं आई" म्हणाल्या. बाहेर आल्यावर लोकांनी मारामारी आवडली म्हणून माझ्याशी हात मिळवले, आणि ज्या जागेबद्दल ते बोलत होते तीच जागा मी बसवलेली नव्हती. कराटेवाला पडद्याकडं बघत नव्हता.

गेल्या आठवड्यात हीरो क्लासला आला. नव्या फिल्मची बोलणी चालू आहेत. पोरं गेल्यावर म्हणाला, "मास्तर, पुढच्या वेळी एक खरा खाऊ का? हळूच."

मी नाही म्हणालो. लॅपटॉप काढून तो टेक परत दाखवला, एकेक फ्रेम. बघ, मूठ इथं थांबली, डोकं एवढंच हललं, खरा ठोसा दिसतच नाही.

त्यानं शांतपणे बघितलं. मग म्हणाला, "ठोसा नाही दिसला. तोंड तर दिसलं की ओ."