इंग्लिश वन-ए: कम्युनिटी कॉलेजातल्या लेखनाच्या वर्गाचा माझा अनुभव

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, डिग्रीपर्यंत जायचं असेल, तर नर्सिंग घ्या की अकाउंटिंग, ‘इंग्लिश वन-ए’ चुकत नाही. हा पहिल्या वर्षाचा लेखनाचा वर्ग. मला नर्सिंगला जायचंय, त्यामुळे अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजीच्या जोडीनं हाही विषय आधी पूर्ण करायचा होता. कोल्हापूरच्या बी.कॉम.च्या मार्कलिस्टा इथल्या संस्थेकडून तपासून घेतल्या, बरेच क्रेडिट धरले गेले, पण लेखनाचा विषय इथंच करावा लागेल असं काउन्सेलरनं सांगितलं. आमच्या ओळखीतल्या दोघी-तिघी नेमक्या याच विषयाच्या धास्तीनं थांबल्या आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी पैशांचं. राज्याचा रहिवासी असेल तर फी युनिटला (अभ्यासक्रम मोजायच्या एककाला) ४६ डॉलर, आणि २०१२ पासून ती तेवढीच आहे. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो. त्याआधी नाव घातलं तर फी कैक पट पडते, म्हणून मी थांबले. एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या नवऱ्या-बायकोला आणि मुलांना मिळतो तो) शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. एच-४ वर रहिवासी दर्जाही मिळू शकतो. कागद मात्र स्वतःच्या नावाचे हवेत: भाडेकरार, बँकेचं स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न. सगळं नवऱ्याच्या नावावर असेल तर वर्षभर आधीपासून आपलं नाव घालायला लागा.

पूर्वी इथं प्रवेशालाच इंग्रजीची चाचणी असायची. त्यात कमी पडलेल्यांना खालच्या वर्गांत बसवत आणि त्या वर्गांचं क्रेडिट पुढं विद्यापीठात चालायचं नाही. एकेक पायरी चढता चढता माणसं कॉलेजच सोडून जायची. २०१७ मध्ये राज्यानं एबी-७०५ नावाचा कायदा केला आणि २०१९ च्या फॉल सत्रापासून कॉलेजांना ही पद्धत बदलावी लागली. आता हायस्कूलचे गुण बघून विद्यार्थ्याला थेट वन-एमध्ये घेतात. माझ्यासारख्या, इथलं हायस्कूल न केलेल्यांना एक मार्गदर्शक प्रश्नावली देतात. त्यात उतारे असतात, निबंधाच्या विषयांचे नमुने असतात, ते वाचून आपणच ठरवायचं. मी वन-ए आणि त्याला जोडलेला दोन युनिटांचा मदतीचा वर्ग असं दोन्ही घेतलं. तीच प्रोफेसर, तोच विषय, फक्त जास्तीचा वेळ. पहिल्यांदा घेणाऱ्यानं तो जोडवर्ग जरूर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या आठवड्यात निबंधाचं नावही निघालं नाही. सिलॅबस वाचायचा होता. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे कुठला धडा किती मार्कांना. इथं ती कित्येक पानांची नियमावली होती. गटात बसून ती वाचायची आणि कॅनव्हास या कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर तिच्यावरच छोटी चाचणी द्यायची. मला ते आधी वेळखाऊ वाटलं, पण पुढं संपूर्ण सत्र त्या पानांवर निभावलं. उशिरा दिलेल्या निबंधाचे गुण कसे कापणार, किती गैरहजेरीनंतर नाव काढणार, निबंध पुन्हा लिहून गुण वाढवता येतील का, सगळं आधीच लिहिलेलं. आमच्या प्रोफेसरनं प्रत्येकाला एकदा ४८ तासांची सवलत ठेवली होती. कारण विचारणार नाही, डॉक्टरची चिठ्ठी नको, फक्त मुदत संपायच्या आत एक ओळ ईमेल करा. दुसऱ्या निबंधाच्या वेळी मुलीला ताप आला, मी ती ओळ पाठवली, आणि विषय तिथंच संपला. हाता-पाया पडायची वेळ आली नाही. नियम कागदावर असला की मागणाऱ्याची मान ताठ राहते, हे मला इथं फार जाणवलं.

याच सिलॅबसमध्ये काही कायद्यांची कलमं होती, ती आपल्या लोकांनी विशेष वाचावीत. १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज त्याचे गुण सहसा कुणालाही सांगत नाही. फी भरणाऱ्या आईवडिलांनाही नाही, नवऱ्यालाही नाही. अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असणाऱ्यांसाठी वेगळं कार्यालय असतं. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं ५०४ कलम आणि अपंगांच्या हक्कांचा १९९० चा एडीए कायदा त्यामागं आहे. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया होता. त्यानंच मला सांगितलं की प्रोफेसरला कार्यालयाकडून जे पत्र जातं त्यात फक्त ‘दीडपट वेळ द्यावा’ एवढंच असतं, आजाराचं नाव नसतं. आणि एक कलम लैंगिक छळाबद्दल होतं, त्यात प्रोफेसरनं लिहिलं होतं: असा काही प्रसंग तुम्ही मला सांगितलात तर कॉलेजच्या टायटल नाइन कार्यालयाला कळवणं मला बंधनकारक आहे, गोपनीय बोलायचं असेल तर समुपदेशकाकडे जा. वैयक्तिक अनुभवावर लिहायला सांगणाऱ्या वर्गात हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती प्रामाणिकपणाच्या पानावर. आपण शाळेत निबंध शिकलो तो गाईडमधून. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी पंतप्रधान झालो तर’. सुरुवातीला सुविचार, शेवटी एखादी कवितेची ओळ, आणि जितकं शब्दशः पाठ तितके मार्क. इथं दुसऱ्याचं वाक्य नाव न देता घेतलं तर निबंधाला शून्य आणि वर डीनकडे नोंद. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी मूळ लेखकाचं नाव द्यावंच लागतं, हे आपल्याकडच्या माणसाला मुद्दाम समजावून घ्यावं लागतं. निबंध टर्निटिन या उचलेगिरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. तिथं दिसणारा टक्का बघून घाबरू नका. अवतरणं आणि संदर्भसूचीसुद्धा त्यात जुळलेली म्हणून मोजली जाऊ शकतात, प्रोफेसर ते उघडून बघतात. चॅटजीपीटीकडून मजकूर लिहून घ्यायला आमच्या वर्गात मनाई होती. सगळ्यांनी गूगल डॉक्समध्येच लिहावं म्हणजे कुणी शंका घेतली तर मसुद्याचा सगळा इतिहास दाखवता येईल, असं प्रोफेसरनं सुचवलं. मी प्रोफेसरच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन विचारलं की मला मराठीत टिपणं काढायची सवय आहे, ते चालेल का? त्या म्हणाल्या, “टिपणं कुठल्याही भाषेत काढ, इंग्रजी वाक्यं मात्र तुझी तू बांध.” त्या दिवसापासून माझी वही मराठीत आणि निबंध इंग्रजीत असं चाललं.

ऑफिस अवर्स म्हणजे प्रोफेसरांनी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेला वेळ. आपल्याला वाटतं, सरांकडे जायचं म्हणजे काहीतरी बिनसलेलं असायला हवं. इथं हुशार मुलंही दर आठवड्याला जाऊन बसतात. माझ्या पहिल्या मसुद्यावर त्यांनी जागोजागी दोनच शब्द लिहिले होते: ‘मग काय?’ मी माहिती भरपूर दिली होती, पण मला स्वतःला काय म्हणायचंय ते कुठंच नव्हतं. आजवर कुणी ते विचारलंच नव्हतं. निबंधाचा मुख्य दावा एका वाक्यात लिहायचा आणि त्या वाक्याशी कुणीतरी असहमत होऊ शकलं पाहिजे, ही त्यांची कसोटी. ‘पौष्टिक आहार महत्त्वाचा आहे’ याला कोण नाही म्हणेल? मग तो दावाच नव्हे.

खरं शिक्षण मात्र झालं ते रायटिंग सेंटरमध्ये. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, फी नाही, अर्ध्या तासाची वेळ आधी धरायची. समोर बसणारा ट्यूटर आपल्यासारखाच विद्यार्थी असतो, हा विषय आधी करून गेलेला. माझी अपेक्षा होती की तो लाल पेन घेऊन चुका काढेल. त्यानं पेन माझ्याच हातात दिलं आणि म्हणाला, मोठ्यानं वाच. वाचताना जिथं जीभ अडखळली तिथं खूण करायला लावली. मग प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच ओळ लिहायची: हा परिच्छेद काय काम करतोय? माझ्या तिसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदापुढं एकच ओळ आली. दोन्ही परिच्छेद एकच गोष्ट सांगत होते. ते त्यानं सांगितलं नाही, समास वाचून मलाच दिसलं. मराठीत ‘अ’, ‘द’ असली उपपदं नाहीत, त्यामुळे आपली इंग्रजी तिथं घसरतेच. तो एका वेळी एकाच प्रकारची चूक घ्यायचा. आज फक्त ‘द’, बाकी सगळं सोड. सत्र संपेपर्यंत निम्म्या जागा मी स्वतः पकडायला लागले होते.

शेवटचा निबंध संशोधनाचा. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांत प्रत्येक मुलाला उत्पन्न न विचारता सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण फुकट मिळतं. सगळ्या राज्यांत हे आधी इथंच सुरू झालं. माझी मुलगी ते जेवते. आणि माझी आई आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बचत गटातर्फे वर्षानुवर्षं खिचडी शिजवत आलीय. विषय घरातच होता. १९९५ ला भारतात केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना आली तेव्हा हजेरी ८० टक्के असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. दप्तराबरोबर तांदळाची पिशवी घेऊन घरी आलेली मी मला आठवते. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की शाळेत शिजवलेलं अन्नच द्या, आणि मग आईच्या हाती खिचडीचा डाव आला. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, वरच्या वर्गांना ७०० आणि २०, असं प्रमाण ठरलेलं आहे. शिजवणाऱ्या बाईला मात्र केंद्राच्या हिशेबानं महिना १००० रुपये, तेही वर्षाचे दहा महिने. राज्य त्यात आपली भर घालतं. हा आकडा निबंधात लिहिताना माझा हात थरथरला, आणि तो तिथं लिहिलाच पाहिजे असं मला आजही वाटतं.

लायब्ररियननं एक पूर्ण तास डेटाबेस कसे शोधायचे ते दाखवलं. पण मला आईचं म्हणणं हवं होतं. प्रोफेसर म्हणाल्या, मुलाखत हा प्राथमिक स्रोत आहे, तिची परवानगी घे आणि नोंद ठेव. मी फोनवर विचारलं, सगळ्यांनाच जेवण कशाला, गरिबांपुरतं पुरे की? आई म्हणाली, “गरिबांपुरतं म्हटलं की कुठलं पोरगं ताट घिऊन पुढं यील? सगळी बसली की त्येबी बसतंय.” माझा दावा तिथं उभा राहिला. फुकट जेवण सगळ्यांना असलं तरच ते सगळ्यात गरजू मुलापर्यंत पोचतं. श्रीमंताच्या मुलाला सरकारनं का जेवू घालावं, हा उलट बाजूचा मुद्दाही मी एक पूर्ण परिच्छेद देऊन मांडला आणि मग त्याला उत्तर दिलं. विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायची ही अटच होती.

संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीत संदर्भसूची आडनावांच्या वर्णानुक्रमानं लागते. डबल स्पेस, दुसरी ओळ अर्धा इंच आत. आईचं आडनाव, नाव, पुढं ‘पर्सनल इंटरव्ह्यू’ आणि तारीख. अनुक्रमानं ती नोंद न्यायालयाच्या खटल्याच्या बरोबर वर आली. एका बाजूला सरकारी अहवाल, एका बाजूला सर्वोच्च न्यायालय आणि मधे सातवी शिकलेली माझी आई, सगळ्यांना सारखाच टाइप. एकमेकांचे निबंध तपासायच्या तासाला माझ्या गटातल्या व्हिएतनामी मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “अशी माझ्या आजीची मुलाखत चालेल?” तिनं ती घेतलीही.

मला ए मिळाला. सी किंवा त्याहून वर असेल तरच हा विषय पुढं धरला जातो, आणि नापास झाल्यास कॉलेजात तो साधारण तीनदाच घेता येतो, म्हणून तारखांकडे लक्ष द्या. सत्राच्या पहिल्या पाचव्या हिश्शात नाव काढलं तर रेकॉर्डवर काहीच येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सत्रापर्यंत ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची नोंद) येतो. त्यापुढं जो गुण पडेल तो पडेल. पहिल्या तासाला गैरहजर राहिलात तर प्रोफेसर जागा दुसऱ्याला देऊ शकतात. वेळापत्रकात ‘झेडटीसी’ लिहिलेला वर्ग बघून घ्या, त्याला पुस्तकांचा खर्च नसतो. घरात ओढाताण असेल तर कॉलेजच्या बेसिक नीड्स सेंटरमधून धान्य-भाजी घ्यायला लाजू नका, विद्यार्थी म्हणून ते तुमच्यासाठीच ठेवलेलं असतं. २०२५ पासून राज्यभर या विषयाचं नाव एकसारखं करताहेत, तेव्हा वन-ए दिसलं नाही तर ‘इंग्लिश सी-१०००’ शोधा. आणि सत्राच्या अखेरीला रायटिंग सेंटरमध्ये वेळ मिळणं मुश्कील होतं, म्हणून सिलॅबस हातात आला की प्रत्येक निबंधाच्या आदल्या आठवड्यातली वेळ तेव्हाच धरून ठेवा.