फोर्कलिफ्ट नोंद: लिव्हर पूर्ण ओढूनही काटे संथ

माझ्या ४८ व्होल्टच्या जुन्या इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचे काटे काही दिवस रिकामे असतानाही संथ वर चढत होते आणि पंप मोटरचा सूर नेहमीइतका चढतच नव्हता. गाडी व्यवस्थित चालत होती. काटे उतरतही नीट होते, पण उतरताना तेल वजनाच्या दाबाने व्हॉल्व्हमधून टाकीत परतते आणि पंप फिरत नाही; त्यामुळे त्यावरून पंपाविषयी काहीच ठरवता येत नाही.

पहिला संशय बॅटरीवर होता, कारण ती फार उतरली की पुष्कळ गाड्यांत लिफ्ट मुद्दाम अडवली जाते. चोवीस सेलच्या या संचावर स्थिर स्थितीत ५०.४ आणि वजन उचलताना ४७.८ व्होल्ट मिळाले. लिव्हरच्या इशाऱ्यानुसार पंप मोटरला वीज देणाऱ्या कंट्रोलरच्या टर्मिनलवरही जवळपास तेवढेच होते, म्हणून केबल आणि प्लगवरचा संशय सोडला.

मग कंट्रोलरची सेटिंग्ज वाचणारे उपकरण, म्हणजे प्रोग्रामर, जोडला आणि काहीही बदलण्याआधी सगळी सेटिंग्ज वहीत उतरवून घेतली. दोषांच्या इतिहासात एकही नोंद नव्हती. उत्तर मिळाले ते त्याच्या मॉनिटर पडद्यावर: लिव्हर पूर्ण ओढला तरी लिव्हरच्या मागणीचा आकडा ६२ टक्क्यांवर थांबत होता. म्हणजे कंट्रोलर निर्दोष होता. त्याच्याकडे पूर्ण वेगाची मागणीच पोहोचत नव्हती. सेटिंग बदलून ६२ लाच १०० मानायला लावता आले असते, पण त्याने बिघाड झाकला गेला असता, आणि असे करणे मला धोक्याचे वाटते.

काटे जमिनीवर टेकवले, किल्ली बंद केली, बॅटरीचा प्लग काढला, कंट्रोलरमधील कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू दिली आणि लिव्हर किती ओढला ते रोध बदलून कळवणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या तारा सोडवून मोजमाप घेतले. शून्य ते ५ किलोओहमऐवजी तो ३.१ पर्यंतच जात होता. आरसा धरून पाहिले तेव्हा त्याच्या फिरत्या दांड्यावर घासून चकाकलेले बारीक कडे दिसले: लिव्हरला दांड्याशी जोडणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू सैल होऊन लिव्हर पुढे जात होता आणि दांडा मागे राहत होता. परतताना मात्र दांडा आपल्या टोकाला टेकत असे, म्हणूनच मोकळ्या लिव्हरला आकडा बरोबर शून्य दाखवत होता आणि कंट्रोलरला दोष जाणवत नव्हता.

स्क्रू आवळल्यावर ४.९ किलोओहम आणि पडद्यावर १०० टक्के मिळाले. पंपाचा सूरही परतला. तरीही लिव्हर अगदी हळू ओढला, तर ३० टक्क्यांच्या आसपास आकडा एकदम ४१ वर उडी मारून मागे येतो, म्हणजे पोटेन्शिओमीटरच्या आतला रोधाचा पट्टा झिजला आहे. नवा पोटेन्शिओमीटर बसेपर्यंत या गाडीने वजन उचलायचे नाही, असे ठरवले आहे.