चौथ्या मजल्यावरचं वजन

१९९.९९९२. खाली पुन्हा १९९.९९९२. मग १९९.९९९३. त्या मुलीनं लॉगबुक माझ्यापुढे धरलं तेव्हा तिचा हात थरथरत होता.

मी वडोदऱ्यात अठरा वर्षं तराजू (बॅलन्स) आणि वजनं कॅलिब्रेट करते, म्हणजे ती किती अचूक आहेत ते ताडून पाहते. ही मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली एका औषध कंपनीची लॅब. २०० ग्रॅमच्या वजनाची रोजची तपासणी आठ दिवस हद्दीबाहेर जात होती आणि ठपका या मुलीवर आला होता. नवी आहे, वजन चिमट्याऐवजी हातानं उचलत असेल, म्हणे. अहो, बोटांचा घाम लागला तर वजन वाढेल, घटेल कसं? हे मी आल्याआल्याच सांगितलं.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, रीडिंग तर एकसारखं येतंय. मग बॅलन्स चुकीचा कसा?" इथेच भले भले फसतात. दहादा तोच आकडा आला, तर बॅलन्स स्थिर आहे एवढंच कळतं. तो खऱ्या वजनावर स्थिर आहे की भलत्याच आकड्यावर, हे त्या दहा आकड्यांना विचारून कळत नाही. त्यासाठी बाहेरचं, खात्रीचं वजन लागतं.

"मग तीनच दशांश लिहू, २००.००० होईल." तेही होत नाही; १९९.९९९ होतं. दोन दशांशांवर आणलं तर २००.०० दिसेल खरं, पण चूक बॅलन्समध्ये तशीच राहील. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारं यंत्र विकत घ्यायचं आणि त्याचा शेवटचा सार्थ अंक टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

माझी वजनं ई-२ या फार अचूक वर्गाची. २०० ग्रॅमला ०.३ मिलिग्रॅमपर्यंतच चूक चालते. मे महिना, डबा गाडीतून आणलेला. तापलेल्या वजनाभोवतीची हवा वर चढते आणि ते हलकं भरतं, म्हणून दुपारपर्यंत डब्याला हात लावला नाही. खोली २३ अंशांवर, तळमजल्यावरच्या जुन्या नोंदींइतकीच. बॅलन्स सपाट आहे हे दाखवणारा बुडबुडा मधोमध.

मग एकेक वजन ठेवलं. २०० ग्रॅमला ०.८ मिलिग्रॅम कमी. १०० ला ०.४. ५० ला ०.२. कागदावर हे तीन आकडे एकाखाली एक आले आणि माझी शंका फिटली. मळ किंवा झीज एखाद्या वजनाला असते. इथे प्रत्येक ग्रॅममागे तेवढीच घट होती, आणि तीही माझ्या वजनांना.

"लॅब वर कधी आली गं?"

"मागच्या सोमवारी, ताई. बॅलन्स आम्ही अगदी सांभाळून आणला."

सांभाळून आणला, पण वर आल्यावर अॅडजस्ट केला नव्हता, म्हणजे खात्रीचं वजन ठेवून आकडा जुळवून घेतला नव्हता. जुनं मॉडेल, आपोआप जुळवून घ्यायला आत स्वतःचं वजन नाही. असा बॅलन्स वस्तुमान थेट मोजत नाही, पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती उंचीबरोबर घटते, मीटरमागे साधारण एक कोटीत तीन भाग. तळमजल्यापासून इथवर तेरा मीटर धरले, तर २०० ग्रॅममागे ०.८ मिलिग्रॅम. मुलीनं स्वतः गुणाकार करून पाहिला, दोनदा.

या चुकीनं गोळ्यांत काही बिघडलं नसतं. ५० मिलिग्रॅमच्या नमुन्यात ती दिसलीही नसती. पण फॉर्मवर एका मुलीचं नाव चढलं होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

माझ्या वजनानं बॅलन्स अॅडजस्ट केला, अर्धा तास थांबून पुन्हा तपासला. मॅनेजरांनी डेव्हिएशनच्या, म्हणजे हद्दीबाहेर गेलेल्या गोष्टीच्या नोंदीच्या, फॉर्मवर 'ऑपरेटरची चूक' या शब्दांवर एक रेघ मारली, शेजारी सही केली आणि खाली 'जागा बदलल्यावर अॅडजस्टमेंट राहिली' असं लिहिलं. मुलीनं तिचं २०० ग्रॅमचं वजन चिमट्यानं ठेवलं, काच सरकवली, आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली. लॉगबुकात २०० लिहून ती क्षणभर थांबली, मग टिंब दिलं आणि पुढे चार शून्यं काढली.